घरातली पहिली मॉडेल रेल्वे : कोणता ले-आउट निवडावा?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे अहिल्यानगरकडे निघाली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला होता. म्हणजे बीडकरांनी गाडीची तीस वर्षे वाट पाहिली. ही गाडी एकदम बीडला आली नाही. २०२२ मध्ये ती आष्टीपर्यंत धावू लागली, मग टप्प्याटप्प्याने पुढे सरकली. बीडला पोहोचली तेव्हाही परळीपर्यंतचे काम बाकीच होते.

घरात मॉडेल रेल्वे करू पाहणाऱ्या नवख्यांनी नेमका हाच क्रम लक्षात ठेवावा. पहिल्या उत्साहात डोंगर, बोगदे, दोन मजली पूल, मोठे जंक्शन असा सगळा नकाशा काढला जातो. पैसे रुळांत अडकतात, वायरिंग अर्धवट राहते आणि काही महिन्यांनी सगळे सामान माळ्यावर जाते. पहिला ले-आउट असा असावा की थोड्याच दिवसांत त्यावर गाडी धावेल आणि पुढे तो वाढवताही येईल.

ले-आउट म्हणजे नेमके काय?

रूळ, सांधे, स्टेशन, वीजजोडणी आणि भोवतालचा देखावा हे सगळे एका फळीवर बसवले की त्याला ले-आउट म्हणतात. महाराष्ट्रात तो मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ आहे. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तिथे गाड्या, सिग्नल, दिवे, रस्ते असे अख्खे छोटे शहर चालताना दिसते. ते पाहून यावे, पण तेच पहिल्या प्रयत्नात घरी उभारायला जाऊ नये. त्या शहरामागे अनेक वर्षांची मेहनत आहे.

आधी आकार ठरवा

मॉडेलचा आकार ‘स्केल’मध्ये सांगतात. नवख्यांसमोर मुख्यतः दोन पर्याय असतात.

एचओ स्केल : १:८७, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. सुमारे २४ मीटर लांबीचा एलएचबी डबा या स्केलमध्ये साधारण २७–२८ सेंटीमीटरचा होतो. हातात धरायला, दुरुस्त करायला सोपा. भारतीय इंजिने आणि डब्यांची मॉडेल शोधायची असतील तर ती याच स्केलमध्ये मिळण्याची शक्यता अधिक.

एन स्केल : १:१६०, रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर. तोच डबा १५ सेंटीमीटरचा होतो. लांबी-रुंदी जवळपास निम्मी लागते, पण चाके इतकी लहान असतात की थोडी धूळ साचली तरी गाडी अडखळते. घरात लहान मुले असतील तर एचओ बरे.

एक बारकावा. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. १:८७ मध्ये तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त व्हायला हवा. बाजारातले एचओ रूळ मात्र १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवर बेतलेले आहेत. त्यामुळे भारतीय गाडीखाली ते किंचित अरुंद दिसतात. बहुतेक छंदिष्ट हे चालवून घेतात. पहिल्याच ले-आउटला स्वतःचे रूळ बनवायला बसू नये.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा

गाडी फिरताना पाहण्यात मजा वाटते, की गाडी स्वतः चालवून डबे जोडण्या-तोडण्यात? याच्या उत्तरावर ले-आउट ठरतो. दोन्हींची उदाहरणे बीड जिल्ह्यातच आहेत.

पर्याय १ : फिरती गाडी आणि एक स्टेशन

आष्टीसारखे एकेरी मार्गावरचे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. एक मुख्य मार्ग, शेजारी एक लूप लाइन, दोन टोकांना दोन सांधे. मॉडेलमध्ये हाच मार्ग अंडाकृती वळवून बंद करायचा. एक गाडी लूपवर थांबते, दुसरी फिरून येते. सांधे फक्त दोन, वायरिंग सोपे. दोन्ही गाड्या आलटूनपालटून चालवायच्या असतील तर लूपच्या रुळाला वीज तोडणारे वेगळे बटण द्यावे, म्हणजे थांबलेली गाडी जागेवरच राहते.

एचओमध्ये यासाठी बाजारात मिळणारी ८ बाय ४ फुटांची अख्खी प्लायवूडची शीट लागते. साडेपंचेचाळीस सेंटीमीटर त्रिज्येचे वळण घेतले की दोन टोके धरून रुंदी जवळपास संपते. मधल्या सरळ भागात साधारण तीन डब्यांची गाडी उभी राहील एवढा लूप बसतो. अडचण अशी की १० बाय १० च्या खोलीत ही शीट मावते, पण माणसाला वावरायला जागा उरत नाही. शीट भिंतीला लावली तर पलीकडच्या कडेपर्यंत हातही पोहोचत नाही. पाऊण मीटरच्या पलीकडे घसरलेली गाडी उचलणे त्रासाचेच. दोन्ही बाजूंनी फिरता येत असेल तरच हा पर्याय एचओमध्ये घ्यावा.

एनमध्ये हाच आराखडा ४ बाय २ फुटांत बसतो. म्हणजे एका शीटमधून असे चार तुकडे निघतात. काम झाले की तो उचलून पलंगाखाली सरकवता येतो.

पर्याय २ : शंटिंगचा फळा

बीड शहराला रेल्वे आत्ता मिळाली, पण जिल्ह्यातल्या परळी वैजनाथला ती फार आधीपासून आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा रेल्वेने येतो. अशा सायडिंगवरून कल्पना घेतली तर वळणाची गरजच उरत नाही. भिंतीला लावलेली एक अरुंद फळी पुरते.

यासाठी सर्वांत प्रसिद्ध आराखडा ब्रिटिश मॉडेलकार ॲलन राइट यांचा ‘इंगलनुक’. त्यात तीन सायडिंग असतात. एकीवर ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींवर प्रत्येकी ३. पुढच्या बाजूच्या रुळावर इंजिन आणि ३ वाघिणी मावतात. सांधे फक्त दोन. एकूण ८ वाघिणींना क्रमांक द्यायचे, चिठ्ठ्या काढून ५ क्रमांक निवडायचे आणि त्याच क्रमाने ५ वाघिणींची गाडी लांब सायडिंगवर तयार करायची. असे ६७२० वेगवेगळे डाव पडू शकतात. सोपे वाटते, पण एका वाघिणीसाठी बाकी सगळ्या हलवायची वेळ येते तेव्हा डोके खाजवावे लागते.

जागा किती लागेल? कोळशाची बॉक्सएन वाघीण १०.७ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये सुमारे १२.३ सेंटीमीटर. पाच वाघिणींना ६२ सेंटीमीटर. पुढच्या बाजूला तीन वाघिणी आणि २४ सेंटीमीटरचे विजेचे इंजिन धरून आणखी ६१. मध्ये दोन सांधे. एकूण पावणेदोन मीटर लांब आणि फूटभर रुंद फळी झाली. खऱ्या कोळशाच्या गाडीला ५८ वाघिणी असतात. तेवढ्या जोडल्या तर एचओमध्येही गाडी सात मीटरहून लांब होईल. म्हणून मॉडेलमध्ये गाडी छोटी ठेवतात, काम मात्र खरे ठेवतात.

जागा आणि पैसा कमी असलेल्या नवख्यांसाठी हाच पर्याय उजवा. रूळ कमी, सांधे दोन, इंजिन एक.

पहिल्या वेळी काय टाळावे?

पुलावरून स्वतःलाच ओलांडणारा मार्ग. एचओमध्ये खालून गाडी जायला सुमारे साडेसात सेंटीमीटर उंची लागते. दर मीटरला २ सेंटीमीटर एवढा चढ धरला तर एका बाजूचा उतारच पावणेचार मीटर लांब होतो. चढ वाढवला की इंजिन जागेवरच घसरते.

गाडी उलटी फिरवणारा फेरा. रूळ वळून पुन्हा त्याच मार्गाला मिळाला की डावा रूळ उजव्याला जोडला जातो आणि शॉर्टसर्किट होते. त्यासाठी वेगळे वायरिंग लागते.

नॅरोगेज. कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर १८९७ मध्ये सुरू झालेली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे मराठवाड्यात आजही आठवली जाते. तिचा ७६२ मिलिमीटरचा गेज एचओमध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणजे एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ चालतात. पण इंजिन आणि डबे बहुधा हाताने बनवावे लागतील. ते दुसऱ्या ले-आउटसाठी राखून ठेवावे.

खरेदीआधी खडू आणि काडेपेट्या

गच्चीवर किंवा फरशीवर खडूने ले-आउट खऱ्या मापात काढा. पुठ्ठ्याच्या १२ आणि २७ सेंटीमीटरच्या पट्ट्या वाघिणी आणि डबे म्हणून ठेवा. दार उघडते का, झाडू फिरतो का, हात पोहोचतो का, सगळे कळते. शंटिंगचा डाव तर आठ काडेपेट्यांवर क्रमांक टाकूनही खेळता येतो. आठवडाभर खेळून कंटाळा आला, तर तो ले-आउट आपल्यासाठी नाही हे एक रुपयाही न घालवता समजते.

वीज, धूळ आणि माती

पहिल्या ले-आउटला १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर पुरतो. एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्र चालवणारी डीसीसी पद्धत नंतर घेता येते. रुळांत कमी व्होल्टेज असले तरी अडॅप्टर घरच्या विजेवर चालतो. तो चांगल्या दर्जाचा घ्यावा, उघडून छेडछाड करू नये.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रुळांवर धूळ लवकर बसते. काम झाले की ले-आउट जुन्या चादरीने झाकावा. रूळ पुसताना वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले कापड फिरवावे. जवळ दिवा किंवा गॅस नसावा. पॉलिशपेपर वापरू नये, ओरखड्यांत घाण आणखी साचते.

देखाव्यासाठी शेतातली माती चाळून वापरण्याचा मोह होतो. मात्र दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. इंजिनच्या मोटरमधले चुंबक ते ओढून घेते. म्हणून मातीवरून आधी चुंबक फिरवावे. कण चिकटले तर ती माती रुळांपासून लांबच ठेवावी.

कामाचा क्रम

आधी फळी, मग एक रूळ आणि कंट्रोलर, मग इंजिनची चाचणी. इंजिन न अडखळता पुढे-मागे गेले की पहिला सांधा, त्यानंतर दुसरा. प्रत्येक जोडणीनंतर गाडी चालवून पाहावी. खडी, झाडे आणि स्टेशनची इमारत सर्वांत शेवटी, कारण खडी चिकटवल्यावर रूळ हलवणे अवघड होते. फळीच्या एका टोकाचा रूळ कडेपर्यंत नेऊन ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला दुसरी फळी जोडता येईल.