रद्दीतून दालनात : चित्रकथा-संग्राहकांच्या संमेलनांची कहाणी

कोणत्याही जुन्या ग्रंथालयाचा इतिहास दोन नोंदींत साठवलेला असतो. संस्थेत आलेल्या ग्रंथांची माहिती दाखल-नोंदवही देते. जीर्ण, हरवलेल्या किंवा निरुपयोगी ठरवलेल्या ग्रंथांची माहिती बाद पुस्तकांच्या यादीत सापडते. परंतु वाङ्मयाचा एक प्रकार असा होता, की त्याला दीर्घकाळ या दोहोंपैकी एकाही नोंदीत स्थान नव्हते. तो प्रकार म्हणजे चित्रकथा. ती लाखोंनी छापली गेली, मुलांनी हातोहात वाचली आणि रद्दीच्या भावाने विकली गेली. तिचे जतन करावे असे विद्वानांना वाटले नाही आणि ग्रंथपालांनाही सहसा वाटले नाही. ज्यांना ते वाटले त्या सामान्य वाचकांनी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात प्रदर्शनाचा एक अगदी नवा प्रकार निर्माण केला. त्याच वाटेने चित्रकथा अखेर ग्रंथालयात पोहोचली.

या कथेचा प्रारंभ अमेरिकेत होतो. १९३८ साली ‘सुपरमॅन’ प्रसिद्ध झाला आणि दहा सेंट किमतीच्या चित्रकथा-पुस्तिकांचा प्रचंड व्यवसाय उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यांत घरोघरच्या पुस्तिका लगद्यासाठी दिल्या गेल्या. युद्धानंतर नीतिरक्षकांचा रोष ओढवला. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी शाळकरी मुलांकडूनच या पुस्तिकांची होळी करवण्यात आली. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी आपल्या ग्रंथात चित्रकथांवर बालगुन्हेगारीचा ठपका ठेवला, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर एक कडक आचारसंहिता लादून घेतली. अशा वातावरणात जुने अंक जपून ठेवणारा प्रौढ मनुष्य समाजाला विक्षिप्त वाटावा, यात नवल नव्हते.

या विखुरलेल्या संग्राहकांना एकमेकांचा पत्ता लागला तो अक्षरशः टपालाच्या पत्त्यांमुळे. १९६० च्या सुमारास संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी आपल्या मासिकांच्या वाचक-पत्रव्यवहारात पत्रलेखकांची नावे पूर्ण पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. त्यातून वाचक परस्परांना पत्रे लिहू लागले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकवणारे जेरी बेल्स हे या पत्रव्यवहाराचे केंद्र बनले. मिसूरी राज्यातील तरुण शिक्षक रॉय थॉमस यांच्या साहाय्याने त्यांनी १९६१ च्या मार्च महिन्यात ‘ऑल्टर-ईगो’ हे चक्रमुद्रित नियतकालिक काढले. जुन्या अंकांच्या याद्या, लेखक-चित्रकारांची नावे, अदलाबदलीच्या जाहिराती असे त्याचे स्वरूप होते. ग्रंथसूचीकाराचे काम हौशी मंडळींनी आपणहून अंगावर घेतले होते.

पत्रांनी जुळलेल्या मंडळींना प्रत्यक्ष भेटीची ओढ लागणे स्वाभाविक होते. विज्ञानकथेच्या रसिकांनी १९३९ सालीच न्यूयॉर्क येथे आपले पहिले जागतिक संमेलन भरवले होते. त्याचा नमुना समोर होता. १९६४ च्या मे महिन्यात डेट्रॉइट येथे काही किशोरवयीन वाचकांनी हॉटेलात एक छोटा मेळावा घेतला. त्याच वर्षी २७ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर भागातील एका सभागृहात बर्नी बबनिस या तरुणाने व त्याच्या मित्रांनी दुसरा मेळावा भरवला. उपस्थिती शंभराच्याही आत होती. पण ‘स्पायडरमॅन’चे चित्रकार स्टीव्ह डिट्को तेथे येऊन गेले. ‘कॉमिकॉन’ हा आज जगभर रूढ झालेला शब्द याच मेळाव्याच्या वेळी वापरात आला.

या उपक्रमाचे नावीन्य नीट समजून घेण्यासारखे आहे. कलाप्रदर्शनात रसिक भिंतीवरील चित्रे पाहतो, बाजारात गिऱ्हाईक वस्तू घेतो आणि साहित्य संमेलनात श्रोता व्यासपीठाकडे पाहतो. येथे या तिन्ही गोष्टी एका छताखाली आल्या. टेबलांवर जुने अंक मांडलेले, बाजूला व्याख्यान किंवा परिसंवाद चाललेला, आणि ज्याची चित्रे जपून ठेवली तो चित्रकार स्वतः दालनात फिरणारा. वाचक, वस्तू आणि निर्माता यांची अशी गाठ चित्रकथेच्या क्षेत्रात पूर्वी पडली नव्हती.

या गाठीचे फळ पुढच्याच वर्षी दिसले. १९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे सेंट्रल हॉटेलात डेव्हिड केलर यांनी अधिक मोठे संमेलन भरवले. त्यातील परिसंवादात बिल फिंगर नावाचे लेखक सहभागी झाले. ‘बॅटमॅन’ १९३९ साली अवतरला तेव्हापासून त्यावर एकट्या बॉब केन यांचे नाव झळकत होते. पण त्या नायकाचा वेष, त्याची पार्श्वभूमी आणि आरंभीच्या कथा यांत फिंगर यांचा मोठा वाटा होता, हे वाचकांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी बेल्स यांनी फिंगर यांच्या कार्याविषयी लेख लिहून ही गोष्ट मांडली. केन यांनी एका वाचक-पत्रिकेला पत्र पाठवून तिचा संतप्त इन्कार केला. फिंगर १९७४ साली निवर्तले; त्यांच्या हयातीत न्याय झाला नाही. बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत प्रकाशकाने फिंगर यांचे नाव घातले ते थेट २०१५ साली. पन्नास वर्षांनी मिळालेल्या त्या न्यायाचे मूळ मूठभर हौशी वाचकांच्या उद्योगात आहे. संग्राहक केवळ कागद जमवीत नव्हते, ते कर्तृत्वाची साक्ष जमवीत होते.

पुढे या संमेलनांना स्थैर्य आले. ब्रुकलिनमधील एक शाळाशिक्षक फिल सुलिंग यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी मोठी संमेलने भरवली. बेल्स, थॉमस, सुलिंग हे तिघेही अध्यापक होते, हा योगायोग लक्षणीय वाटतो. सॅन दिएगो येथे शेल डॉर्फ व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मार्च १९७० मध्ये एक दिवसाचा आणि ऑगस्टमध्ये तीन दिवसांचा मेळावा घेतला. ऑगस्टच्या मेळाव्यास सुमारे तीनशे लोक आले होते. आज तेथील उपस्थिती लाखाच्या पुढे जाते.

परंतु यशाबरोबर दुसरी बाजूही उघड झाली. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-सूची निघाली आणि जुन्या अंकांना बाजारभाव आला. छापील अंकांच्या जोडीला चित्रकाराने शाईने रेखाटलेली मूळ पृष्ठे विक्रीस येऊ लागली. ही पृष्ठे पूर्वी प्रकाशक स्वतःकडे ठेवीत, भेट देत किंवा नष्ट करीत. चित्रकाराला ती परत देण्याची रीत १९७० च्या दशकात हळूहळू पडली. थोर चित्रकार जॅक कर्बी यांनी एका प्रकाशनसंस्थेसाठी हजारो पृष्ठे काढली होती. ती परत मिळावीत म्हणून त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले आणि १९८७ साली सुमारे दोन हजार पृष्ठे हाती आली. मधल्या काळात त्यांची कित्येक पृष्ठे परस्पर फुटून संग्राहकांच्या बाजारात फिरत होती. ज्या मेळाव्याने एका निर्मात्याला नाव मिळवून दिले, त्याच मेळाव्याच्या टेबलावर दुसऱ्या निर्मात्याची मालमत्ता विकली जावी, हा विरोधाभास विसरता येणार नाही.

युरोपने थोडी वेगळी वाट धरली. इटलीत बोर्दिगेरा येथे १९६५ साली आणि पुढच्या वर्षापासून लुक्का येथे भरलेल्या संमेलनांत अभ्यासकांचा पुढाकार होता. पॅरिसमध्ये १९६७ साली लूव्रच्या वास्तूतील सजावटी कलांच्या संग्रहालयात चित्रकथेचे गाजलेले प्रदर्शन भरले. त्याच्या संयोजकांनी छापील चौकटींची मोठाली छायाचित्रीय आवर्धने भिंतींवर लावली. बोटभर चौकटीतील रेषेचे सामर्थ्य त्यामुळे प्रेक्षकाला प्रथमच जाणवले. अमेरिकेतील संग्राहकाने वस्तूची दुर्मीळता दाखवली. पॅरिसच्या प्रदर्शनाने तिचे सौंदर्य दाखवले.

ग्रंथालयांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद कथा बिल ब्लॅकबीअर्ड यांची आहे. अमेरिकेतील ग्रंथालये सूक्ष्मपट तयार झाल्यावर जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड काढून टाकीत होती. सूक्ष्मपट काळापांढरा, त्यामुळे रविवारच्या पुरवण्यांतील रंगीत चित्रमालिकांचे रंग कायमचे नाहीसे होणार होते. ब्लॅकबीअर्ड यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक विनानफा संस्था स्थापून हे खंड मिळवण्यास सुरुवात केली आणि आपले राहते घर त्यांनी भरून टाकले. तीस वर्षांनी हा सुमारे पंचाहत्तर टनांचा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घेतला. ग्रंथालयांनी टाकलेले एका वाचकाने उचलले आणि शेवटी ग्रंथालयानेच ते सन्मानाने परत नेले. जपानमध्येही असेच घडले. १९७५ च्या डिसेंबरात टोकियोतील ‘कॉमिक मार्केट’ अवघ्या बत्तीस मंडळांच्या सहभागाने सुरू झाले. त्याचे एक प्रवर्तक योशिहिरो योनेझावा यांच्या संग्रहातून २००९ साली मेइजी विद्यापीठात त्यांच्या नावाचे ग्रंथालय उघडले.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ‘वेताळ’ मराठी घरांत आला. १९६७ पासूनच्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेत राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांची रेषा होती. ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाचे चित्र दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, पण ते रेखाटणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांची ओळख किती वाचकांना होती? व्यंगचित्राला भिंतीवर मानाने लावण्याचे काम मात्र मराठीत एका चित्रकारानेच केले. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावी १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस यांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवरून परिचित झालेली आपली चित्रे ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनातून थेट रसिकांपुढे ठेवली.

महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांनी दिवाळी अंक, मासिके, बालवाङ्मय यांचे खंड मोठ्या कष्टाने सांभाळले आहेत. तरीही मुलांच्या हातून फाटलेले अंक आणि चित्रकथांच्या पुस्तिका बहुधा सभासदांच्या माळ्यावरच राहिल्या. संस्थेच्या शताब्दीच्या निमित्ताने सभासदांनी त्या खाली काढून ग्रंथालयाच्या दालनात मांडाव्यात, मुखपृष्ठकार व चित्रकारांची नावे प्रत्येक अंकासमोर लिहावीत, आणि आठवणी असणाऱ्या वडीलधाऱ्यांना तेथे बोलते करावे. असे प्रदर्शन भरवण्यास फार द्रव्य लागत नाही. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या मेळाव्यातही शंभर माणसे नव्हती. प्रदर्शन संपल्यावर त्यांतील काही अंक जरी दाखल-नोंदवहीत क्रमांक घेऊन कायमचे राहिले, तरी पुढच्या शंभर वर्षांतील अभ्यासकाची मोठी सोय होईल.