वाटाघाटीला कोणाला धाडावे? भंडारा, रामटेक आणि रुपया

थ्रेड. देशाची गंगाजळी आटली की कर्ज मागावे लागते, हे सर्वांना ठाऊक असते. मागायला कोणी जायचे, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. स्वतंत्र भारतावर अशी वेळ एकाहून अधिक वेळा आली. त्यांपैकी १९६६ आणि १९९१ या दोन प्रसंगांचा एक धागा आमच्या विदर्भातून जातो. माजरीच्या फलाटावर कोळशाच्या वॅगनी मोजत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत माहीत नव्हते, याचे आता नवल वाटते.

आरंभ भंडाऱ्यापासून करू. मे १९५४ मध्ये तेथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. बाबासाहेबांनी १९२३ सालीच रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तो अर्थशास्त्रज्ञ हरला, आणि त्याच मतदारसंघातून जिंकलेल्या मेहतांच्या वाट्याला बारा वर्षांनी रुपयाचे मोल परक्या मेजावर ठरवण्याचे काम आले. इतिहास असे योग जुळवतो. त्यातून अर्थ काढण्याचा मोह मात्र आवरावा.

१९६५ च्या अखेरीस परिस्थिती बिकट होती. तीन वर्षांत दोन युद्धे झाली होती, पावसाने दगा दिला होता, गहू अमेरिकेतून येत होता आणि सप्टेंबरच्या युद्धात अमेरिकेने मदत थांबवली होती. मदत पुन्हा हवी असेल तर रुपयाचे अवमूल्यन करा आणि आयातीवरील बंधने सैल करा, असा जागतिक बँकेचा आग्रह होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी अवमूल्यनाच्या विरोधात होते. वर्ष संपता संपता त्यांनी राजीनामा दिला (कारण वेगळे होते), आणि ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले.

इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात अर्थखाते कलकत्त्याचे कायदेपंडित सचिन चौधुरी यांच्याकडे होते. वॉशिंग्टनची बोलणी मात्र नियोजनमंत्री अशोक मेहता यांच्यावर सोपवली गेली. मार्चअखेरीस पंतप्रधान स्वतः राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना भेटून आल्या होत्या; पुढे एप्रिल-मे महिन्यांत मेहता जागतिक बँकेचे अध्यक्ष जॉर्ज वुड्स यांच्याशी वाटाघाटी करत होते. ही निवड अविचाराने झाली नव्हती. मेहता १९६३ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, चौथ्या योजनेला किती परकीय चलन लागेल हे त्यांना ठाऊक होते आणि आयात सैल करावी असे त्यांचे स्वतःचेही मत होते. वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलरच्या मदतीचे आश्वासन घेऊन ते परतले.

६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. घोषणा अर्थमंत्र्यांनी केली, वाटाघाटी दुसऱ्याने केल्या होत्या, आणि पक्षाध्यक्ष कामराज यांना विश्वासातच घेतलेले नव्हते. ते संतापले, काँग्रेसमध्ये गदारोळ झाला, डाव्यांनी देश विकल्याचा आरोप केला. त्या वर्षीही दुष्काळ पडला. आश्वासन दिलेली मदत पहिल्या वर्षानंतर आटत गेली. मेहतांना नावे ठेवण्याची प्रथा तेव्हापासून आहे. मला ती अन्यायाची वाटते. वॉशिंग्टनच्या मेजावर ते कमी पडले नाहीत. त्यांना धाडणाऱ्यांनी दिल्लीतले मेज मांडलेच नव्हते. आणि भंडाऱ्याचे काय? १९६७ च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची पीछेहाट होत असताना, खुद्द कामराज विरुदुनगरला पडले असताना, भंडाऱ्याने मेहतांना पुन्हा निवडून दिले. या खेपेस काँग्रेसच्या तिकिटावर.

आता रामटेक. १९८४ आणि १९८९ साली तेथून पी. व्ही. नरसिंह राव लोकसभेवर गेले. ते मूळचे तेलंगणातले, पण पुणे-नागपुरात शिकलेले. मराठी इतकी अवगत, की हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’चा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. १९९१ ची निवडणूक मात्र ते लढले नाहीत. हैदराबादला परतण्याची आवराआवर चालू होती. (दिल्ली-हैदराबाद लोहमार्ग आमच्या माजरीवरूनच जातो; त्या उन्हाळ्यात ते परतले असते तर इतिहास वेगळा झाला असता, ही गंमत सोडवत नाही.) २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर महिन्याने राव पंतप्रधान झाले.

गंगाजळीत तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. आधीच्या चंद्रशेखर सरकारने जानेवारीत नाणेनिधीकडून कर्ज मिळवले होते आणि पुढे सोनेही बाहेर पाठवले होते. पण काँग्रेसच्या पाठिंब्यावर तगलेल्या त्या सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांना मार्चमध्ये हंगामी अर्थसंकल्पावर भागवावे लागले. जे सरकार स्वतःचा अर्थसंकल्प मंजूर करून घेऊ शकत नाही, त्याच्या मंत्र्याच्या शब्दावर सावकार किती विसंबणार?

रावांना म्हणून असा माणूस हवा होता, ज्याचे नाव वॉशिंग्टनला आधीच ठाऊक आहे. पहिला निरोप गेला आय. जी. पटेल यांना, ते रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, आणि १९६६ च्या अवमूल्यनाच्या वेळी सरकारचे अर्थसल्लागारही तेच. त्यांनी नकार दिला. मग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले पी. सी. अलेक्झांडर यांनी डॉ. मनमोहन सिंग यांच्याकडे निरोप पोहोचवला. ते तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. यश आले तर श्रेय सर्वांचे, अपयश आले तर दोष तुमचा, असे रावांनी त्यांना बजावल्याचे सांगितले जाते.

या वेळी काम वाटून घेतलेले दिसते: आकड्यांची बोलणी सिंगांनी करायची, देशातले राजकारण रावांनी सांभाळायचे. तेही डळमळले नाहीत असे नव्हे. १ जुलैला अवमूल्यनाचा पहिला टप्पा झाला, त्यावर ओरड झाली आणि दुसरा टप्पा थांबवावा असे रावांच्या मनाने घेतले. ३ जुलैच्या सकाळी सिंगांनी रिझर्व्ह बँकेत सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला, तेव्हा तो टप्पा होऊन गेला होता. त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोने मुंबईहून बँक ऑफ इंग्लंडकडे रवाना झाले.

ऑगस्टच्या अखेरीस सिंगांनी नाणेनिधीला औपचारिक पत्र लिहिले. ३१ ऑक्टोबर रोजी सुमारे २२० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. सिंग तेव्हा आसाममधून राज्यसभेवर येऊन महिना झाला होता. रावांची नंद्याळची पोटनिवडणूक नोव्हेंबरात व्हायची होती. म्हणजे कर्ज मंजूर झाले त्या दिवशी सिंगांना धाडणारा पंतप्रधान संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य नव्हता.