थंडीत गाडीचं ॲव्हरेज का घटतं? पेट्रोल-डिझेल वाचवायचं तर एवढं करा

निफाड तालुक्यात पारा 6-7 अंशांवर उतरला की पहाटे बऱ्याच अंगणांत गाडी 'गरम' व्हायला चालू करून ठेवलेली दिसते. पण उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य! जळतं ते इंधन वायाच जातं.

ॲव्हरेज का घटतं?
गारठ्यात इंजिन आणि गिअरबॉक्समधलं ऑइल घट्ट होतं. इंजिन तापेपर्यंत इंधन जास्त लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, शहरात चालणारी पेट्रोल गाडी 25 अंशांच्या तुलनेत उणे 7 अंशांना सुमारे 15 टक्के कमी ॲव्हरेज देते. फेरी 5-6 किलोमीटरचीच असेल तर ही घट 24 टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडं एवढी थंडी नसते, त्यामुळं घटही कमी. पण कारणं तीच.

काय करावं?

1. स्टार्ट केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा आणि निघा. पहिले काही किलोमीटर हळू चालवा, रेस करू नका. चालती गाडी लवकर तापते.

2. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की हवा साधारण 1 पीएसआय कमी होते. दुपारी 30 अंशांत बरोबर भरलेली हवा पहाटे 6 अंशांत चारेक पीएसआयनं कमी भरते. किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं.

3. दूध, बाजार, बँक अशी कामं एकाच फेरीत उरका. थंड इंजिन पुन्हा पुन्हा चालू करणं महागात पडतं.

4. गाडीच्या पुस्तकात दिलेलंच ऑइल टाका. 5डब्ल्यू-30 मधला 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं.

5. रिकामं कॅरिअर काढून ठेवा, विनाकारण वजन वाहू नका.

हे मात्र कधीच करू नका
बंद शेडमध्ये किंवा शटर ओढून गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो. इंधन वाचवता येईल, पण गेलेला जीव परत येत नाही. घरातल्या पोरांनाही हे आवर्जून सांगा.