रानातली साद

इ. स. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व पशुपक्षी नेले, त्यांत टर्कीचा एक नर होता. क्षणोक्षणी रंग पालटणारे त्याचे डोके व मान पाहून बादशहा चकित झाला. त्याने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्रही काढविले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोतील लोकांनी तो फार पूर्वीच माणसाळविला होता. पण आज आम्हांस बोलावयाचे आहे ते उत्तर अमेरिकेच्या अरण्यातील त्याच्या रानटी भावाविषयी, आणि त्याला साद घालण्याच्या साधनांविषयी.

आपल्याकडे शिकारीत हाका घालतात, तेव्हा सावज पुढे पिटाळावयाचे असते. येथे उलट, सावजाने आपल्या पायांनी जवळ यावयाचे. फासेपारधी आवाज काढून तित्तिराला फाशाकडे आणतो, त्याच जातीची ही विद्या म्हणावी.

सर्वांत जुने साधन त्या पक्ष्याच्याच पंखांतील पोकळ हाडांचे. दोन-तीन हाडे एकात एक बसवून नळी करावयाची आणि ओठांनी हवा फुंकावयाची नाही, आत ओढावयाची. मग मादीचा किंचित चिरका आवाज निघतो. तेथील मूळ रहिवाशांची ही युक्ती गोऱ्या वसाहतवाल्यांनी उचलली. पुढे लाकडी पेटी आली. १८९७ साली आर्कन्सॉ राज्यातील डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सनने तिचे पेटंट घेतले. पातळ भिंतींच्या लांबट पेटीवर खडू लावलेले झाकण घासले की झाले. नवशिक्यासही ती साधते. पाटीच्या दगडावर काडी घासून मऊ, हळुवार आवाज काढतात. टाळूला चिकटवावयाची नालाच्या आकाराची रबरी पडदी शिकावयास कठीण, पण दोन्ही हात मोकळे ठेवते.

साधन कोणतेही घ्या, खरी अडचण निराळीच आहे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरानेच यावे अशी अपेक्षा करतो, म्हणजे रीतच उलटी करतो! म्हणून जो फार साद घालतो त्याचा नर जागच्या जागी पिसारा फुलवून वाट पाहत राहतो. दोन-चार हाका देऊन गप्प बसणाऱ्याकडे मात्र तो कुतूहलाने येण्याचा संभव अधिक.

या विद्येपायी पक्षी संपला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याला संपविले जंगलतोडीने आणि बाजारासाठी केलेल्या बेसुमार कत्तलीने. १९३० नंतरच्या दशकात सुमारे दोन लाख पक्षीच उरले होते. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळविला. प्रथम खुराड्यात वाढविलेली पिले रानात सोडण्यात आली. ती टिकली नाहीत. आईवाचून वाढलेल्या पिलास रान शिकविणार कोण? अखेर १९५१ साली दक्षिण कॅरोलायनात, तोफेने उडवावयाच्या जाळ्याने रानटी पक्षीच धरण्यात आले, आणि पुढे ही युक्ती इतरत्र पसरून असे पक्षी नव्या जंगलांत वसविण्यात आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी संख्या साठ लाखांवर गेली. त्यानंतर काही राज्यांत ती पुन्हा घटली आहे.

वसंतातील शिकार बहुतेक ठिकाणी नरांपुरतीच ठेवली आहे, कारण एका नराचा अनेक माद्यांशी संग होतो आणि पिलांचा सांभाळ एकटी मादीच करते. मादीची नक्कल करून नरच पुढे आणणारी साद या नियमास चांगली जुळते.

धोका मात्र एक आहे. नराची आरोळी हुबेहूब काढणारा माणूस झुडपाआड बसलेला असतो, आणि ती ऐकून दुसरा बंदूकवाला दबकत त्याच्याकडेच निघतो. म्हणून जाणते शिकारी ती नक्कल टाळतात, आणि नराच्या डोक्याचे लाल, पांढरे, निळे रंग असलेला रुमालसुद्धा रानात नेत नाहीत.