द दुधाचा

आपल्याकडे दारूबद्दल मुलांशी बोलायची पद्धत म्हणजे न बोलणं. लग्नात मांडवामागे उभ्या असलेल्या गाडीची डिकी सारखी का उघडते आणि चार काका तिथेच का घुटमळतात, हे घरातल्या नववीतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. त्याला ते ठाऊक आहे, हे फक्त आपण मान्य करत नाही. (नातेवाइकांपैकी कुणाला हे स्वतःबद्दल वाटलंच, तर निव्वळ योगायोग समजावा.)

खरं तर आपल्या सातारा-सांगलीला या विषयाचा मोठा इतिहास आहे. हे दोन जिल्हे मुळात वेगळे नव्हतेच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारला आपण 'साताऱ्याचं' म्हणतो, पण क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आणि जी. डी. बापू लाडांचं कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे.

प्रतिसरकार म्हटलं की आपल्याला शेणोलीची रेल्वे आठवते, तुफान सेना आठवते. पण त्याच लोकांनी गावोगावी कमी खर्चाची गांधी लग्नं लावली, न्यायदान मंडळं चालवली, आणि दारूबंदीही केली. भट्ट्या बंद पाडल्या, ऐकलं नाही तर शिक्षा केली. नाना पाटील पूर्वी तलाठी होते, गावात कुठे काय शिजतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नसावी!

ते चाललं, कारण गाव आपल्याच पोरांना घाबरत होतं आणि त्यांच्यावर जीवही टाकत होतं. हे दोन्ही एकदम जमणं अवघड. पुढे १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. त्यात धाक होता, पण तो खाकीतला परका धाक. हातभट्टी ओढ्याच्या काठाला गेली आणि तिथेच राहिली. साठीच्या दशकात सरकारने स्वतःच कायदा सैल करायला सुरुवात केली. कायदा कागदावर अजून आहे, प्यायला परवाना लागतो, बिअरला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजच्या पोरांना हे सांगून बघा, हसतात.

याच मातीतली एक गंमत (गंमत कसली म्हणा). २००१ साली राज्याचं वाइन धोरण आलं आणि त्यातून पलूसला वाइन पार्क आखला गेला. कुंडल हे गाव त्याच पलूस तालुक्यातलं. द्राक्षबागायतदाराला चार पैसे मिळावेत, यात गैर काही नाही. मळीपासून अल्कोहोल काढणारे साखर कारखानेही आपलेच, आणि त्यांच्यावर आपली घरं चालतात. पण मग पोराला 'दारू वाईट' एवढंच सांगून भागत नाही. त्याला हे सगळं दिसतं.

वारकऱ्यांनी वेगळा रस्ता घेतला. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने तरुणांच्या गळ्यात माळ घातली. शपथ घेतलेल्या पोराला मित्र आग्रह करत नाहीत, माळेचा मान राखतात. शपथेचा हा फायदा मला फार व्यवहारी वाटतो. मग २००८ च्या शासन आदेशाने बायकांच्या हातात मतपत्रिका दिली: उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली केली तर दुकान बंद. मतदानाला न आलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूची, असा त्याचा अर्थ. तरीही जावळीसारख्या तालुक्यात बायकांनी ते करून दाखवलं.

पण दुकान बंद झालं तरी पोराच्या डोक्यातला प्रश्न तसाच राहतो. तिथे मला डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. शाळा साताऱ्यात, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, डॉक्टरकी मिरजेची, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे. शिवाय कबड्डीचे खेळाडू. त्यांनी साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था उभी केली, तिथे व्यसनमुक्तीचं काम सुरू झालं. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांचं 'मुक्तांगण' १९८६ साली, गर्दच्या लाटेत सुरू झालं होतं. उपचार हे काम थोरांचं, पण सुरुवात मिसरूड फुटायच्या वयातच झालेली असते. अंनिसचे कार्यकर्ते ३१ डिसेंबरला चौकात दूध वाटायला उभे राहू लागले, 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत. मला हे आवडतं, कारण यात पोराला घाबरवलेलं नाही. पिणाऱ्याचा तोरा तेवढा काढून घेतलाय.

घाबरवून काय होतं याचा अनुभव अमेरिकेला आहे. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन ड्रग्जबद्दल शिकवायचे. देशभर पसरला, पालक खूश. नव्वदच्या दशकात अभ्यास झाले तेव्हा कळलं, की पुढे जाऊन या मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक दिसत नाही.

आणि आता प्रश्न हातभट्टीचा राहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांना कुपवाडमध्ये मेफेड्रोन, म्हणजे एमडी सापडलं. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच पकडला, शंभर किलोच्या वर माल आणि किंमत दोनशे कोटींच्या पुढे. इरळी! जिथे पाण्याच्या टँकरची बातमी यायची, तिथली ही बातमी.

म्हणून आमच्या घरात मी पोरांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, घेऊ नका, आणि का ते. दुसरी गोष्ट माझ्या मोठ्या भावाला पटत नाही. त्याच्या मते ती सांगणं म्हणजे परवानगी देणं. मी तरी सांगतो. मित्र पिऊन बेशुद्ध झाला, तर घरच्यांच्या भीतीने त्याला खोलीत झोपवून निघून यायचं नाही. कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. लिंबू, ताक, कॉफी काही पाजायचं नाही. श्वास बघत शेजारी बसायचं आणि १०८ ला फोन करायचा. डोळ्यांना अंधुक दिसतंय म्हणाला, तर ती विषारी दारू असू शकते, एक मिनिटही थांबायचं नाही. २०१५ साली मालवणीत असल्या दारूने शंभरावर माणसं गेली. डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगायचं. मग मला फोन करायचा, रात्री कितीही वाजता, आणि त्या रात्री मी एकही प्रश्न विचारणार नाही.

नशामुक्तीचा सरकारी मोफत नंबर १४४४६ आहे. तो आणि १०८, दोन्ही आमच्या फ्रिजवर चिकटवलेत, गॅस एजन्सीच्या नंबरशेजारी.