कूलंटच्या नळीची क्लिप : निवड आणि जोडणी

नगरची दुचाकीशी ओळख जुनी आहे. १९७२ मध्ये आलेली ‘लुना’ कायनेटिक इंजिनिअरिंगच्या येथील कारखान्यातून देशभर गेली. तिचे छोटे इंजिन वाऱ्यावरच थंड होत असे. रेडिएटर, पंप, कूलंट यांच्याशी तिच्या मालकाचा कधी संबंध आला नाही. पुढे २००८ मध्ये यामाहाची ‘आर १५’ आणि २०१२ मध्ये बजाजची ‘पल्सर २०० एनएस’ व केटीएमची ‘२०० ड्यूक’ बाजारात आली, आणि द्रवाने थंड होणारी इंजिने सर्वसामान्य तरुणाच्या आवाक्यात आली. आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर अशा मोटारसायकली मोठ्या संख्येने धावतात.

या गाड्यांची परीक्षा पाहणारी परिस्थितीही जिल्ह्यात आहे. मार्च-एप्रिलचे ऊन, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी वाहने, करंजी किंवा चंदनापुरी घाटातील चढ. अशा वेळी रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही, पंखा सतत फिरत राहतो आणि कूलंटचे तापमान व दाब वाढतो. या दाबाखाली रबरी नळीला धातूच्या तोंडावर धरून ठेवते ती केवळ एक पोलादी पट्टी, म्हणजेच होज क्लिप. किमतीने क्षुल्लक असलेली ही वस्तू निसटली, तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. शिवाय उकळते कूलंट पायावर उडण्याचा आणि मागच्या टायरवर सांडून गाडी घसरण्याचा धोका असतो.

क्लिपवर ताण कशाचा?

समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र साधारणतः प्रति चौरस सेंटिमीटर एक किलोग्रॅम किंवा किंचित अधिक दाब धरून ठेवते. त्यामुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. गाडी तापली की दाब चढतो, थंड झाली की उतरतो. रबर आणि ॲल्युमिनिअम यांचे प्रसरण व आकुंचन सारखे नसते. त्यातच सतत दाबले गेलेले रबर कालांतराने चपटे होऊन तसेच राहते. म्हणूनच चांगली क्लिप म्हणजे सर्वांत घट्ट आवळलेली क्लिप नव्हे. जी तापल्यावर आणि थंड झाल्यावरही चहूबाजूंनी सारखा दाब देते, ती चांगली.

क्लिपचे प्रकार

*स्प्रिंग क्लिप :* अनेक गाड्यांना कारखान्यातूनच ही क्लिप येते. दोन कान पकडीने दाबले की ती उघडते. स्प्रिंगमुळे नळी फुगली किंवा आक्रसली तरी दाब आपोआप जुळवून घेतला जातो. ही क्लिप जुनाट समजून काढून टाकण्याचा प्रघात चुकीचा आहे. ती गंजलेली वा ढिली झालेली नसेल, तर तीच ठेवावी. बदलायची झाल्यास त्याच मापाची घ्यावी.

*स्क्रूची क्लिप :* ब्रिटिश नौदलातील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केलेली ‘जुबिली क्लिप’ हा या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना. ती सहज मिळते व पुन्हा वापरता येते. मात्र पट्टीला आरपार खाचा असतील, तर मऊ रबर त्यांत घुसून कापले जाते. सिलिकॉनच्या नळीला हा धोका अधिक. त्यामुळे आतून गुळगुळीत आणि कडा बाहेर वळवलेली पट्टी निवडावी.

*नट-बोल्टची छोटी क्लिप :* बारीक नळ्यांसाठी उपयुक्त. हिची पट्टी अखंड असते, पण प्रत्येक क्लिप थोड्याच मापांना चालते. त्यामुळे माप अचूक हवे.

तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळणे हा फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत हळू पोहोचण्याचा उपाय आहे. तार एका रेषेत रुतते आणि प्लॅस्टिक उष्णतेने सैल पडते.

माप कसे घ्यावे?

क्लिपचे माप नळीच्या आतील व्यासावरून नव्हे, तर धातूच्या तोंडावर चढवलेल्या नळीच्या बाहेरील व्यासावरून ठरते. व्हर्निअर नसल्यास कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून परीघ मोजावा व त्याला ३.१४ ने भागावे. परीघ ८२ मि.मी. भरला, तर व्यास सुमारे २६ मि.मी. होतो. दुकानात १६-२७, २०-३२, २५-४० अशा मापांच्या क्लिप मिळतात. आपले माप मर्यादेच्या मध्याजवळ यावे. २६ मि.मी.साठी २०-३२ ची क्लिप योग्य ठरेल. गरजेपेक्षा मोठी क्लिप आवळली की स्क्रूच्या घराजवळ गोलाई बिघडते आणि नेमकी तेथूनच गळती सुरू होते.

धातूकडेही लक्ष द्यावे. ‘स्टेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्लिपमध्ये पट्टी तेवढी स्टेनलेस असते, स्क्रू साध्या लोखंडाचा मुलामा दिलेला असतो. तो गंजून अडकतो. पाकिटावर ‘डब्ल्यू ४’ असा उल्लेख असल्यास पट्टी, घर व स्क्रू तिन्ही स्टेनलेस आहेत असे समजावे.

जोडणीचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

२. कूलंट झाकण असलेल्या डब्यात काढावे. त्यातील इथिलिन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. कुत्री व जनावरे ते चाटतात, म्हणून अंगणात सांडू देऊ नये.

३. चिकटलेली नळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, त्याने ॲल्युमिनिअमवर ओरखडे पडतात. नळी बदलायचीच असेल, तर तिला ब्लेडने लांबीच्या दिशेने हलका छेद द्यावा. ब्लेड धातूपर्यंत जाऊ देऊ नये.

४. तोंडावरील पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने अलगद काढावा.

५. क्लिप आधी नळीवर सरकवून ठेवावी. नळी चढत नसेल, तर थोडे कूलंट लावावे. तेल वा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते.

६. नळी शेवटपर्यंत बसवावी. धातूच्या तोंडावर एक उंच कडा असते. क्लिप त्या कडेवर नव्हे, तर तिच्या पलीकडे, रेडिएटर किंवा इंजिनच्या बाजूला यावी. नळीच्या टोकापासून मात्र दोन-तीन मि.मी. अंतर सोडावे.

७. स्क्रूचे डोके हात पोहोचेल अशा दिशेला ठेवावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लिप केबल, पंखा वा चौकटीला घासत नाही, याची खात्री करावी.

८. अरुंद पट्टीच्या स्क्रूला साधारणतः दोन ते तीन न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आले, तर क्लिप जास्त आवळली गेली आहे.

जोडणीनंतर

कूलंट भरून आतील हवा काढावी आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. स्क्रूची क्लिप असल्यास ती पहिल्या फेरीनंतर, थंड अवस्थेत, एकदा तपासावी. रबर बसल्यामुळे ती किंचित सैल झालेली असू शकते. थंडीच्या पहाटे दिसणारा आणि गाडी तापल्यावर नाहीसा होणारा थेंब हे सैल क्लिपचे नेहमीचे लक्षण आहे. गोडसर वास आणि जोडाभोवती वाळलेला रंगीत थर ही इतर लक्षणे.

केवळ तापमानाच्या दिव्यावर विसंबू नये. कूलंट निघून गेल्यावर सेन्सरभोवती द्रवच उरत नाही, त्यामुळे इशारा उशिरा मिळण्याची शक्यता असते. घाटाच्या वाटेला लागण्यापूर्वी टाकीतील पातळीवर एक नजर आणि प्रत्येक जोडावरून फिरवलेले कोरडे बोट, एवढी तपासणी दोन मिनिटांत होते. कडक, भेगाळलेली किंवा टोकाशी फुगलेली नळी आढळल्यास क्लिप आवळत बसू नये, नळीच बदलावी.