पुलास्की स्टेशन, एप्रिल 2020

शिकागोच्या भर मध्यवस्तीत तुम्ही ग्रीन लाईनची गाडी पकडता. डब्यात चौघंच. रात्रपाळी संपवून निघालेली नर्स डोळे मिटून बसली आहे. किराणा दुकानातल्या पोराच्या गळ्यात अजून कामावरचा बिल्ला. दोघं सफाई कामगार. चौघंही कृष्णवर्णीय. ज्यांचं काम लॅपटॉपवर होतं, ते 21 मार्चच्या लॉकडाऊनपासून घरात आहेत.

पुलास्कीला उतरा. जिन्याखाली लेक स्ट्रीट, डोक्यावर लोखंडी पूल. हा वेस्ट गारफिल्ड पार्क. शाळा बंद, चर्च बंद, न्हाव्याचं दुकान बंद. मैदानातल्या बास्केटबॉलच्या रिंगासुद्धा काढून नेल्यात. पोरांनी जावं कुठे? कोपऱ्यावर.

याच वस्तीत 2000 साली गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने गोळीबाराला साथीसारखं हाताळायला सुरुवात केली. गल्लीतलीच जाणती माणसं भांडण पेटायच्या आत मध्ये पडायची. हे काम खांद्यावर हात ठेवून, कानाशी बोलून होतं. आता मध्ये कोविडचं सहा फुटांचं अंतर.

या महिन्याच्या सुरुवातीला शहरातल्या कोविडच्या बळींपैकी सुमारे 70 टक्के कृष्णवर्णीय आहेत. लोकसंख्येत ते 30 टक्के. त्याच घरांवर दुसरी, गोळीबाराची साथही उतरते. लॉकडाऊनमध्ये गुन्हे कमी झाले, असं तुम्ही वाचलं असेल. 2020 मध्ये अमेरिकेत चोऱ्या-घरफोड्या घटल्या, हे खरंच आहे. पण खून जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढले. बंदुकीने मारले गेलेले लाखामागे गोऱ्यांत सुमारे 2, कृष्णवर्णीयांत 26 हून जास्त. सरासरीचा आकडा मला म्हणूनच सहन होत नाही. तो या गल्लीतलं प्रेत झाकतो. रिकाम्या रस्त्यांनी ज्यांना सुरक्षित केलं, त्यांना धोका आधीच कमी होता.

आता पाच-सहा आठवडे पुढे या. रविवार, 31 मे. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर शहर पेटलंय, पोलिसांची धावपळ चालू आहे. चोवीस तासांत 18 खून. शिकागोने गेल्या साठ वर्षांत असा दिवस पाहिला नव्हता.

तुम्ही एका इस्पितळाच्या वाहनतळावर उभे आहात. नातेवाइकांना आत मज्जाव. गाडीत एक आई बसली आहे, मांडीवर पोराचा एकच बूट. दुसरा त्याच्या पायात राहिला. दार उघडताना दिसतं तशी ती उतरते, धावत सुटते. सुरक्षारक्षक हात वर करतो आणि तिला सहा फूट मागे सरायला सांगतो.